पुण्याभोवतीची झाडी आणि माळ: पक्षी बघायला निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी चार-दोन जणांना बरोबर घेऊन सिंहगडाच्या पायथ्याला नाहीतर सासवडच्या माळावर जायची माझी जुनी सवय. त्यामुळे आदल्या रात्री फोनवर प्रश्न येतात आणि बहुतेक तेच तेच असतात. ते इथे एकदाच लिहून ठेवले आहेत. भिगवण, उजनी, कवडीपाट वगैरे पाणपक्ष्यांच्या जागा मुद्दाम वगळल्या आहेत. त्यांचं तंत्र निराळं आणि त्यांच्याबद्दल सांगणारे लोकही भरपूर.

१. पुण्याजवळ झाडीतले आणि माळावरचे पक्षी बघायला नेमकं कुठे जायचं?

झाडीसाठी सिंहगडाचा पायथा. आतकरवाडीच्या बाजूला ओढ्याकाठी आंबा, उंबर, जांभूळ, करंज अशी दाट झाडी आहे, तिलाच सगळे ‘सिंहगड व्हॅली’ म्हणतात. शहरापासून साधारण तीस किलोमीटर, आणि स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बसही जाते. शहर सोडायचं नसेल तर वेताळ टेकडी आहे. मात्र टेकड्यांवर जिथे नुसतं गिरिपुष्प लावलेलं आहे तिथे फार वेळ घालवू नका. बाहेरून आणलेलं झाड ते, हिरवं दिसतं पण आत शुकशुकाट असतो. बाभूळ, बोर, पळस जिथे शिल्लक आहेत तिथे थांबा.

माळासाठी पूर्वेला. दिवे घाट चढून वर आलात की सोनोरीच्या मल्हारगडाभोवतीचा भाग, मग सासवड, जेजुरी, आणि पुढे मोरगावच्या पलीकडे सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. १९९७ साली ते मुख्यतः चिंकारांसाठी जाहीर झालं, पण माळावरच्या पक्ष्यांची त्यात चांगलीच सोय झाली. आणखी लांब जायची तयारी असेल तर इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. तिथे वनखात्याची सफारी आहे, आगाऊ नोंदणी करून जावं लागतं.

एकाच जिल्ह्यात इतका फरक कसा, असंही विचारतात. कारण पाऊस. लोणावळ्याकडे वर्षाला हजारो मिलिमीटर पडतो आणि सुप्याकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या सावलीत गवत आणि काटेरी झुडपं एवढंच तगतं. ते उजाड झालेलं रान नव्हे, तो मुळातच माळ आहे.

२. वर्षातला कोणता काळ चांगला?

‘हिवाळा’ हे उत्तर सगळेच देतात, आणि ते अर्धंच खरं आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी असतात. माळावर भोवत्ये, म्हणजे गवतावरून तरंगत जाणारे शिकारी पक्षी, आणि झाडीत माशीमार. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलले की एकाच झाडाखाली तासभर उभं राहिलं तरी पुरतं. पळसमैना, म्हणजे भोरड्या, थव्याने येतात आणि तोंड परागाने माखून जातात. एप्रिल-मे सिंहगडाच्या ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यांचा. पाणी एवढंच असल्याने सगळे तिथेच येतात.

पण माळाचा खरा मोसम जून ते सप्टेंबर, आणि नेमके तेव्हाच लोक घरी बसतात. पहिल्या पावसानंतर चंडोल हवेत चढून गाऊ लागतात. डोंबारी नावाचा छोटा चंडोल वर जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीच्या जरा वर पुन्हा सावरतो. नाव का पडलं ते एकदा पाहिलं की कळतं. याच दिवसांत सिंहगडाच्या उतारांवर युवराज दिसतो, काळा, डोक्यावर तुरा, पंख विटकरी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटेवरचे प्रवासी थोडे दिवस थांबतात, मध्य आशियाकडून आफ्रिकेकडे निघालेला युरोपीय नीलपंख हा त्यातलाच. तारेवर बसलेला नीलपंख आपलाच आहे असं गृहीत धरून तेव्हा पुढे जाऊ नका.

३. किती वाजता पोचायचं?

उजाडताना तिथे असायला हवं. पुण्यातून उजाडताना निघणं म्हणजे नव्हे. झाडीत नऊपर्यंत बरं चालतं, माळावर त्याच्याही आधी ऊन चटका देतं. अपवाद दोन. शिकारी पक्षी हवा तापल्यावर, नऊनंतर घिरट्या घालायला वर येतात. आणि तपकिरी पोटाची पखुर्डी, माळावर जमिनीलगत राहणारा पक्षी, पाण्यावर येते ती सूर्योदयानंतर दोनेक तासांनी. तिची धाकटी बहीण रंगीत पखुर्डी मात्र संध्याकाळी, अंधार पडता पडता येते.

४. दुर्बीण कोणती घेऊ? कॅमेरा आहे, तो चालणार नाही का?

८×४२ घ्या आणि विषय संपवा. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×५० जास्त भारी वाटते, पण हात थरथरला की चित्रही दहापट थरथरतं आणि झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. दुकानात शेल्फकडे बघू नका, दाराशी येऊन समोरच्या इमारतीच्या सावलीतला कोपरा बघा. तिथे स्वच्छ दिसलं तर घ्या. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून किंवा फिरवून आत घ्या. हे न सांगितल्यामुळे वर्षभर अर्धंच वर्तुळ बघत बसलेले लोक मला भेटले आहेत.

कॅमेरा जरूर आणा, पण पहिले सहा महिने दुर्बिणीनंतर. कॅमेरेवाला फोटो काढतो आणि पक्षी घरी जाऊन बघतो.

५. मला कावळा-चिमणीपलीकडे काही ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करू?

दहा पक्षी पक्के करा, बाकीचे त्यांच्याशी ताडून बघता येतात. लालबुड्या बुलबुल, दयाळ, चीरक, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, भारद्वाज, टिटवी, सातभाई आणि घार. हे सगळे पुण्याच्या हद्दीतच भेटतील.

दयाळ आणि चीरक यांत हमखास गोंधळ होतो. दोघांचे नर काळे, दोघेही शेपटी वर करतात. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा. चीरक लहान, खालून काळा, आणि शेपटीच्या बुडाशी विटकरी डाग. शेपटी इतकी वर उचलतो की तो डाग दाखवायलाच आलाय असं वाटतं. आणि मोठा शिकारी पक्षी दिसला की आधी शेपटी बघा. टोकाला खाच असेल तर घारच. ‘गरुड दिसला’ म्हणून पाठवलेले निम्मे फोटो घारीचे असतात.

६. नावं मराठी शिकू की इंग्रजी?

दोन्ही. मराठी नाव पक्षी कसा वागतो ते सांगतं, पण गावागणिक बदलतं. एकाच भारद्वाजाला कुठे कुंभारकावळा म्हणतात, कुठे सोनकावळा. नोंद करताना इंग्रजी नावाने घोटाळा टळतो. गावात विचारताना मात्र इंग्रजी नाव कुचकामी. ‘पावशा ओरडायला लागला का?’ असं विचारलंत तर मेंढपाळ आजोबा तारीखवार सांगतील, कारण तो ‘पेर्ते व्हा’ म्हणतो यावर त्यांचं सगळं लक्ष असतं.

७. फोनमधलं ॲप आवाजावरून नाव सांगतं. मग शिकायचं कशाला?

मर्लिन नावाचं असं ॲप मीही वापरतो. आवाज कुठल्या पक्ष्याचा असावा याचा तो चांगला अंदाज देतो, पण अंदाजच. सिंहगडाच्या झाडीत हरेवा नावाचा हिरवा पक्षी असतो, तो इतरांच्या नकला करण्यात पटाईत. एका सकाळी ॲपने एकाच आंब्यावर ओळीने पाच पक्षी दाखवले. झाडावर हरेवा एकटा होता, पानाच्या रंगाचा, आणि आमची मान दुखेपर्यंत तो सापडला नाही. ॲपने सांगितलेलं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहू नका.

८. आम्ही माळावर दोन तास फिरलो, काहीच दिसलं नाही. माळावर खरंच पक्षी असतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ‘फिरलो’ या शब्दातच आहे. झाडीत चालावं, माळावर बसावं. उघड्यावर तुम्ही अर्ध्या किलोमीटरवरून दिसता. माळावरचे बहुतेक पक्षी मातीच्या रंगाचे असतात, आणि माणूस दिसला की उडण्याऐवजी दबून बसणं पसंत करतात. तुम्ही चालत राहिलात तर ते दबूनच राहणार.

एखाद्या बांधाला किंवा बोरीच्या झुडपाला पाठ लावून वीस मिनिटं गप्प बसा. पहिली दहा मिनिटं खरोखरच काही होत नाही. मग एक ढेकूळ चालायला लागतं. तो धाविक. पाच-सात पावलं तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. पाठ वाळूच्या रंगाची, डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावर काळा-पांढरा पट्टा. दुर्बीण खाली घेतली की तो पुन्हा मातीत विरघळतो. नंतर लक्षात येतं की तो एकटा नाही, चौघं आहेत आणि पंधरा मिनिटं तुमच्यासमोरच होते.

असाच एकदा बसलो असताना एक मेंढपाळ मामा आले. ‘काय हरवलंय का पावणं?’ पक्षी बघतोय म्हटल्यावर त्यांनी काठीने दाखवलं, ‘त्या पांढऱ्या धोंड्यापाशी माळटिटवी अंड्यावर बसलीया, तिकडं जाऊ नका.’ मी तिथूनच चालत आलो होतो. तेव्हापासून माळावर पोचलो की आधी मेंढरं कुठे आहेत ते बघतो आणि मामांशी बोलून मगच बसायची जागा ठरवतो.

९. सिंहगडाला लांब शेपटीचा पांढरा पक्षी दिसला, मग तसाच तांबूसही दिसला. हे दोन वेगळे पक्षी का?

नाही, दोन्ही स्वर्गीय नर्तकाचे नर. लांब शेपटी नराचीच, रंग पांढरा किंवा तांबूस. आखूड शेपटीचा तांबूस दिसला तर मात्र थांबा, ती मादी असेल किंवा अजून शेपटी न फुटलेला तरुण नर. नुसतं ‘मादी’ लिहून मोकळं होऊ नका.

१०. नवरंग कधी आणि कुठे दिसेल?

मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर आला की. दाट झाडीखाली पालापाचोळ्यात पाय मारत फिरतो. पहाटे आणि दिवेलागणीला दोन सुरांची शीळ घालतो, तिच्यावरून ठिकाण कळतं. शोधत आत शिरू नका, बाहेर थांबा. प्रवासात दमलेला नवरंग इमारतींवर आपटून खाली पडलेलाही सापडतो. अशा वेळी काय करायचं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

११. माळढोक दिसेल का?

पुण्याजवळ नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव त्याच्यामुळे झालं. १९७९ साली जाहीर झालेलं ते अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर घटवून १,२२२ वर आणलं. आता तिथेही माळढोक दिसणं ही बातमी होते. नान्नजला जा, जरूर जा, पण काळवीट, पखुर्ड्या आणि भोवत्यांसाठी जा. ‘नक्की दाखवतो’ असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

१२. सगळे चंडोल सारखेच दिसतात. आणि भोवत्यांच्या माद्याही. ओळखायचं कसं?

आधी चंडोल. तुरा असलेला चंडोल पुण्याच्या परिसरात दिसला की मुख्यतः दोघांत निवड असते. मलबारी चंडोलाच्या छातीवर ठळक, दाट रेघा. साईक्सच्या चंडोलाच्या छातीवर रेघा तुरळक आणि पोट तांबूस. पहिल्याला ओलसर डोंगरउतार आवडतात, दुसऱ्याला कोरडा माळ. म्हणून सिंहगडाच्या माथ्यावर पहिल्याचा आणि सुप्याला दुसऱ्याचा संशय आधी घ्यावा. हे साईक्स म्हणजे कंपनी सरकारच्या फौजेतले कर्नल. दख्खनचा मुलूख मोजता मोजता त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी केली आणि १८३२ साली या चंडोलाचं वर्णन छापलं. आपल्या माळाची दखल इतकी जुनी आहे, सातबाऱ्यावर तो अजून ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निकामी, असला तरी.

भोवत्या गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे धरून तरंगत जातो. नर सोपे. पांढुरका भोवत्या फिकट, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूचा भोवत्या गडद राखाडी, पंखावर आडवी काळी रेघ. माद्या दोघींच्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्यातल्या त्यात गळ्याभोवती फिकट कंठा स्पष्ट दिसला तर पांढुरक्याची मादी धरायला हरकत नाही. कंठा दिसला नाही तर वहीत ‘भोवत्या, मादी’ एवढंच लिहा.

१३. आवाज वाजवून किंवा अळ्या टाकून पक्षी जवळ बोलावले तर काय बिघडतं?

नर गातो ते ‘ही जागा माझी’ म्हणून. तुम्ही रेकॉर्ड वाजवलीत की त्याला वाटतं कुणीतरी घुसलंय. तो पिलांना भरवायचं सोडून भांडायला येतो आणि तुमचा फोटो होतो. तुमच्यामागून दुसरा गट येतो, तोही वाजवतो. विणीच्या दिवसांत हे अजिबात नको, एरवीही मी वाजवत नाही. एका पाणवठ्यावर दगडावर अळ्या ठेवून पंधरा कॅमेरे रांगेत लावलेले पाहिलेत आणि मुकाट परत फिरलोय. उन्हाळ्यात नुसतं पाणी पुरतं, पक्षी आपणहून येतात.

१४. घरटं सापडलं. लांबून फोटो काढला तर चालेल ना?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. ‘मी हात लावला नाही’ ही पळवाटही कामाची नाही, कारण तुम्ही थांबलात तिथे कावळा थांबतो आणि तुम्ही गेल्यावर तो बघून येतो. माळावर तर घरटं म्हणजे जमिनीतली नुसती खळगी. टिटवी, धाविक, पखुर्डी, तिघी उघड्यावर अंडी घालतात. म्हणूनच माळावर गाडी मळलेल्या वाटेवरून बाहेर काढायची नाही, चारचाकीही नाही आणि ‘जरासाच शॉर्टकट’ म्हणत दुचाकीही नाही.

१५. परवानगी लागते का? ड्रोन आणू का?

मयूरेश्वरला फाटकावर नोंद करून, शुल्क भरून जायचं. गावच्या गायरानात किंवा कुणाच्या पडीक जमिनीत शिरताना विचारून शिरावं, नाही म्हणणारे मला क्वचितच भेटले. खरी खबरदारी खडकवासल्याकडे. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, हद्द तिथे लागते, आत झाडी उत्तम आहे पण ती लष्करी जागा. कुंपणाशी उभं राहून दुर्बीण रोखली तर चौकशी होणारच, आणि ‘मी मोर बघतोय’ हे उत्तर पहारेकऱ्याने याआधी ऐकलेलं असतं. ड्रोनचं नावही काढू नका. वरून काही घोंगावलं की माळावरचे पक्षी शिकारी पक्षी आला असंच समजतात.

१६. साप, बिबट्या, कुत्री: कशाची भीती बाळगायची?

माझ्या मते क्रम उलटा आहे. सगळ्यात आधी मेंढरांची राखण करणारी कुत्री. कळपाच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. कुत्रं धावून आलं तर पळू नका, उभे राहा, मेंढपाळ हाक मारेल. मग आग्यामोहोळ, कड्याखाली अत्तर लावून येऊ नये ते त्यासाठी. मग साप. माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, म्हणून घोट्यावर येणारे बूट घाला आणि दगडावर बसण्याआधी त्याच्या खाली बघा. चावलाच तर बांधणं-कापणं नको, १०८ ला फोन आणि तडक दवाखाना. बिबट्या सिंहगडाच्या बाजूला आहे, पण अंधारात एकटं जाणं टाळलंत तर तो तुम्हाला टाळेल.

पावसाळ्यानंतर कुसळं मोज्यांत घुसतात आणि गोचिडी चढतात. यांनी कुणी मरत नाही, पण परत न येण्याचं कारण बहुतेकांनी मला हेच सांगितलं आहे.

१७. जखमी किंवा दमलेला पक्षी सापडला तर?

पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला कापड घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि शांत अंधाऱ्या जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दर दोन मिनिटांनी उघडून बघू नका. नुसता धक्का बसला असेल तर तासा-दोन तासांत तो हुशार होतो, तेव्हा बागेत नेऊन खोकं उघडा. रक्त असेल किंवा पंख लोंबत असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बरा झाल्यावर पाळायचा विचार नको, देशी रानपक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे.

१८. आमची संस्था माळावर पाचशे झाडं लावू इच्छिते. कुठे लावू?

माळावर लावू नका. कटू वाटेल, पण धाविक, पखुर्डी, चंडोल यांना उघडी जमीन लागते आणि भोवत्ये तर रात्री गवतातच मुक्काम करतात. तिथे झाडं वाढली की कावळे आणि शिक्रे बसायला जागा मिळते आणि जमिनीवरची घरटी संपतात. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचा माळ राखायचा असेल तर वणवा आणि चर यांपासून वाचवा. पाचशे झाडं शहरात लावा, तिथे त्यांची खरी गरज आहे.

१९. लहान मुलांना आणू का?

आणा, पण झाडीत, आणि दोन तासांसाठीच. मुलं माळावर कंटाळतात (कारण प्रश्न ८ मध्ये). सुगरणीची घरटी बांधली जात असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, एखाद्या विहिरीवरच्या बाभळीसमोर लांब बसवा. नर अर्धवट घरट्याला लटकून पंख फडफडवतो, मादी येते, आत डोकावते, नापसंत करून निघून जाते. मुलं खाऊही विसरतात.

२०. पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कुठे करू?

आधी वहीत, मग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. जागा, वेळ, किती दिसले, काय करत होते. घरट्याचं ठिकाण कुठेही टाकू नका. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना जोडून. त्या आठवड्यात नवख्यांसाठी फेऱ्या निघतात, सुरुवातीला तिथे गेलात तर सोबत मिळेल.

२१. पालखीच्या दिवसांत दिवे घाटात पक्षी बघता येतील का?

माउलींची पालखी घाट चढते त्या दिवशी नाही. रस्ता बंद असतो आणि घाट वारकऱ्यांचा असतो. दुर्बीण घरी ठेवून चालायला या, नाहीतर पालखी सासवडहून पुढे गेली की दोन दिवसांनी या. तोवर चंडोल परत गायला लागलेले असतात.